खाशाबा जाधव : एका पदकाच्या आधीची आणि नंतरची गोष्ट



१५ जानेवारी हा आपल्या राज्यात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत खाशाबा जाधव यांचा फोटो लावतो, हार घालतो आणि एखादा विद्यार्थी पाठ केलेलं भाषण म्हणतो. जन्म, गाव, पदक, मृत्यू. पाच मिनिटांत कार्यक्रम संपतो आणि मुलं वर्गात जातात.

मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. खाशाबांनी अशी पदकं किती जिंकली, असं त्यानं विचारलं. ऑलिम्पिकचं एकच, असं मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. हा मुलगा तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत धावण्यात पहिला आला होता. शाळेनं त्याची गावातून मिरवणूक काढली होती. पुढे जिल्ह्याला तो मागे पडला आणि त्यानंतर त्यानं मैदानावर येणंच सोडलं होतं. एकदाच जिंकणं म्हणजे काहीच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्याला परत मैदानावर आणा, असं आम्हा शिक्षकांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं, हेही खरं.

म्हणून आजचा पाठ जरा वेगळा लिहिते आहे. खाशाबांचं मोठेपण फार थोडा काळ झळकलं. हेलसिंकीच्या त्या उन्हाळ्यात ते जगाच्या पहिल्या तिघांत होते. पुढच्या ऑलिम्पिकला ते जाऊ शकले नाहीत. मग हा माणूस मोठा कसा? ते नीट कळायचं असेल तर पदकाच्या आधी काय झालं आणि पदकानंतर काय झालं, दोन्ही बघावं लागतं.

गोळेश्वरचं घर

चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सकाळी घाटात बैलगाडे पळतात आणि दुपार कलली की कुस्त्यांचा हगामा भरतो. आधी बारक्या पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या, मग हळूहळू मोठ्या कुस्त्या आणि दिवस मावळताना शेवटची मानाची कुस्ती. हे चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. काहींनी तर रेवड्या जिंकूनही आणल्या आहेत. खाशाबांचं बालपण डोळ्यांसमोर आणायचं असेल तर हाच हगामा आठवा. फक्त गाव आपलं नाही, सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातलं गोळेश्वर.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर इथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरातच मिळाले. ज्या वयात आपण पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावतो, त्या वयात हा मुलगा मातीत उतरला होता.

शिक्षणही सुटलं नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकले. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९४२ च्या चलेजाव आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना लपायला जागा देणं, इंग्रजांविरुद्धची पत्रकं इकडून तिकडे पोचवणं, अशी कामं शाळकरी खाशाबांनीही केली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. खाशाबा अंगानं धिप्पाड नव्हते. उंची बेताची, वजन कमी. पैलवान म्हटलं की आपल्यासमोर डोंगराएवढा माणूस उभा राहतो. पण त्यांचं बळ होतं चपळाईत आणि डावांत. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि त्याला उचलून खाली टाकायचं. समोरच्याला काय झालं ते कळायच्या आत त्याची पाठ मातीला लागलेली असायची. पुढे लोक त्यांना कौतुकानं पॉकेट डायनॅमो म्हणू लागले. लहान चणीच्या मुलांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावं.

कोल्हापूरची माती

शाळा संपल्यावर खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कुस्ती शिकणाऱ्याला त्या वेळी कोल्हापूरपेक्षा चांगली जागा नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला होता, खासबागेचं मोठं मैदान बांधलं होतं. पेठापेठांत तालमी होत्या. तालमीतल्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ करायची, पहाटे उठून जोर-बैठका काढायच्या आणि मग लढतीचा सराव करायचा, हा पैलवानांचा रोजचा दिनक्रम. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले.

कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या स्पर्धांत हे नाव गाजू लागलं. कोल्हापूरच्या महाराजांच्या कानावरही ते गेलं. १९४८ साली लंडनला ऑलिम्पिक स्पर्धा होणार होत्या. स्वतंत्र भारताचं ते पहिलंच ऑलिम्पिक. महाराजांनी खर्चाची सोय केली आणि गोळेश्वरचा हा तरुण लंडनला निघाला.

लंडन १९४८ : मॅटची ओळख

आता इथे मातीची कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यातला फरक मुलांना समजावून सांगावा लागेल.

आपल्या हगाम्यात पैलवान मातीत लढतात. अंगावर फक्त लंगोट. समोरच्याची पाठ जमिनीला लावली की कुस्ती चितपट झाली. ऑलिम्पिकमध्ये लढत मॅटवर, म्हणजे मऊ गादीवर असते. पायात बूट असतात. वेळ ठरलेली असते, गादीची हद्द ठरलेली असते, आणि पाठ लागली नाही तर पंच गुणांवर निकाल देतात. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. पकडी बदलतात, तोल बदलतो. म्हणजे जन्मभर बैलगाडी हाकलेल्या माणसाला एकदम मोटार चालवायला दिल्यासारखंच ते.

खाशाबांना मॅटचा सराव नव्हताच. लंडनच्या स्पर्धेआधी अमेरिकेचे माजी पैलवान रीस गार्डनर यांनी त्यांना थोडं मार्गदर्शन केलं, तेवढीच तयारी. तरीही ५२ किलोच्या फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीतून उठून गेलेला बावीस वर्षांचा पैलवान जगात सहावा.

दुसऱ्या कुणी सहाव्या क्रमांकावर समाधान मानलं असतं, गावी येऊन सत्कार घेतले असते. खाशाबांना मात्र कळलं होतं की ताकदीत आपण कमी नाही, आपली सवय कमी आहे. परत आल्यावर त्यांनी पुढच्या ऑलिम्पिकची तयारी सुरू केली. वजनाचा गट बदलला. ५२ किलोवरून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले. पुढची चार वर्षं त्यांनी याच एका गोष्टीला दिली.

घर गहाण ठेवणारे गुरुजी

पुढचं ऑलिम्पिक १९५२ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरात होतं. पण तिथे पोचण्याआधीच खाशाबांना दोन कुस्त्या लढाव्या लागल्या.

पहिली कुस्ती निवडीची. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला, असं त्यांना वाटलं. ते गप्प बसले नाहीत आणि रुसूनही बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत ठरली आणि खाशाबांनी ती मारली. निवड पक्की झाली. अन्याय झाला असं वाटलं तर कुठे आणि कसं बोलायचं, हे यातून शिकण्यासारखं आहे.

दुसरी कुस्ती पैशाची. ती जास्त अवघड होती. १९४८ साली पाठीशी कोल्हापूरचं संस्थान होतं. पण १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झालं. राजाश्रय गेला आणि त्याची जागा घेणारी दुसरी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. देश नवा होता, फाळणीची जखम ताजी होती, धान्याची टंचाई होती. खेळाडूला परदेशी पाठवायला सरकारकडून पुरेसा पैसा मिळेना. मग खाशाबा आणि त्यांची माणसं दारोदार फिरली. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी जमेल तसे पैसे दिले. तरीही रक्कम पुरी होत नव्हती.

तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि ७००० रुपये उभे केले. १९५२ सालचे ७००० रुपये! त्या काळी शिक्षकाचा महिन्याचा पगारही शंभर-दोनशेच्या घरात असायचा, यावरून काय ते समजा.

शिक्षक मित्रांनो, मी हा भाग वाचते तेव्हा दर वेळी थांबते. खर्डेकर सरांना पदकाची खात्री होती का? कशी असेल? त्याआधी कुणाही भारतीय पैलवानानं ऑलिम्पिकचं पदक आणलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी आपला विद्यार्थी सहावा आला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपण विद्यार्थी जिंकून आल्यावर त्याच्या गळ्यात हार घालतो. त्यांनी तो जिंकायच्या आधी, नुसत्या विश्वासावर, आपलं छप्पर पणाला लावलं.

हेलसिंकी : २३ जुलै १९५२

हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात खाशाबांची सुरुवात जोरात झाली. कॅनडाचा पैलवान हरवला, मेक्सिकोचा हरवला, जर्मनीचाही हरवला. आता ते पदकाच्या अगदी जवळ आले.

पुढे उभे होते दोघे जण, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. दोघेही तयारीचे. या दोन्ही लढती खाशाबा हरले. त्या वेळी एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच दुसऱ्या लढतीला उभं राहावं लागलं, असं सांगतात. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास मिळायला हवा होता, पण ते पंचांना सांगायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगानं ते मॅटवर गेले आणि हरले.

इशीला सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबा जाधव यांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. मुलांना इथे हमखास शंका येते, म्हणून सांगते. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचार्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण तेव्हा देश पारतंत्र्यात होता. आणि हॉकीत भारत सुवर्ण जिंकत होता, पण ते पदक संघाचं असतं. एकट्यानं लढून स्वतंत्र भारतासाठी पदक आणणारे पहिले म्हणजे आपले खाशाबा.

नशिबाचा खेळ बघा. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघानं हेलसिंकीतच नेदरलँड्सला ६-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यात बलबीर सिंग यांनी एकट्यानं ५ गोल केले. साहजिकच देशभर हॉकीचा जयजयकार झाला. सुवर्णाच्या झगमगाटात हे कांस्य झाकलं गेलं.

बैलगाड्यांची मिरवणूक

देश विसरला तरी गाव विसरलं नाही. खाशाबा परत आले तेव्हा कराड परिसरातली माणसं स्टेशनवर लोटली. शंभराहून जास्त बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोल, ताशे, लेझीम. एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असं तिकडचे लोक अजून सांगतात.

बैलगाडा म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. बैलांना अंघोळ घालून, शिंगं रंगवून, झुली चढवून शेतकरी ज्या दिवशी गाडी बाहेर काढतो, तो दिवस त्याच्या घरच्या कार्याचा असतो. शंभर घरांनी त्या दिवशी खाशाबांना आपल्या घरचं मानलं होतं.

पण मला त्यापुढची गोष्ट जास्त मोठी वाटते. मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला आणि खाशाबा परत मातीत उतरले. कशासाठी? खर्डेकर सरांचं घर सोडवण्यासाठी. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून गुरूचं गहाण घर मोकळं केलं. ऑलिम्पिकचा पदकविजेता कर्ज फेडायला पुन्हा लाल मातीत घाम गाळत होता. पदकाच्या फोटोत हे दिसत नाही.

गुडघा

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार, म्हणजे उपनिरीक्षक, म्हणून दाखल झाले. पोलिसांच्या स्पर्धांत त्यांनी कुस्त्या जिंकल्या. पुढच्याच वर्षी मेलबर्नला ऑलिम्पिक होतं. लंडनला सहावे, हेलसिंकीला तिसरे, मग मेलबर्नला? सगळ्यांच्या मनात एकच उत्तर होतं.

आणि गुडघा गेला. सरावातच जबर दुखापत झाली. आजच्यासारखी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया, खेळाडूंसाठीचे खास डॉक्टर, व्यायामोपचार हे तेव्हा आपल्याकडे नव्हतं. कुस्तीचा सगळा भार गुडघ्यावर असतो. मेलबर्न हुकलं ते हुकलंच. वयाच्या तिशीत ऑलिम्पिकचं दार बंद झालं.

म्हणजे हिशोब मांडा. जागतिक कुस्तीत खाशाबांचा काळ १९४८ ते १९५२. उणीपुरी चार वर्षं. त्यातही शिखरावरचे दिवस हातांच्या बोटांवर मोजण्याइतके.

असं नशीब त्यांचं एकट्याचंच नव्हतं. कोल्हापूरचेच क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकर बघा. खाशाबा लंडनला गेले त्याच वर्षी, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यात रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. तेव्हाचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. अवघ्या १० धावा केल्या असत्या तर विक्रम निंबाळकरांच्या नावावर झाला असता. पण समोरच्या संघानं पुढे खेळायला नकार दिला आणि सामना तिथेच थांबला. एवढी मोठी खेळी करूनही त्यांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. कुणाचा गुडघा आडवा येतो, कुणाला निवड नडते, कुणाचा सामनाच थांबतो. शिखर गाठणं आपल्या कष्टावर असतं, तिथे किती वेळ राहायला मिळेल ते बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं.

खाकी वर्दीतली वर्षं

मग पुढची वर्षं खाशाबांनी काय केलं? नोकरी केली. इमानानं, शिस्तीनं. पोलीस खात्यात त्यांनी पाव शतकाहून जास्त सेवा केली. खात्यातल्या जवानांना खेळाचं मार्गदर्शन केलं. निवृत्त होताना ते सहायक पोलीस आयुक्त पदावर होते.

ऐकायला हे बरं वाटतं, पण सगळं गोड नव्हतं. ऑलिम्पिक पदकविजेता म्हणून जो मान मिळायला हवा होता तो त्यांना हयातीत मिळाला नाही. कुठलाही मोठा राष्ट्रीय पुरस्कार वाट्याला आला नाही. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांत त्यांना क्रीडाज्योत घेऊन धावण्याचा मान मिळाला, तेवढाच काय तो दिलासा.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबांचं निधन झालं. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. देशभर शाळाशाळांत झेंडे फडकले आणि ज्या माणसानं स्वतंत्र देशासाठी पहिलं पदक आणलं, तो आदल्या दिवशीच गेला होता.

उशिरा आलेली आठवण

पुढची माहिती मुलांनी वहीत लिहून घ्यावी, परीक्षेलाही उपयोगी पडते.

• राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार : मरणोत्तर.
• अर्जुन पुरस्कार (सन २०००) : मरणोत्तर. पदकानंतर जवळजवळ अर्धं शतक उलटलं होतं.
• २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला खाशाबांचं नाव दिलं.
• १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीला, गुगलनं मुखपृष्ठावर त्यांचं चित्र लावलं.
• १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.

आणि हे आकडे बघा. खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. अटलांटाला लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य जिंकलं. मध्ये ४४ वर्षं गेली. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ साली सुशील कुमार यांनी आणलं, ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ साली पॅरिसमध्ये, नेमबाज स्वप्नील कुसळे यांना. तेही कांस्यच आणि तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी गावचे. खाशाबांपासून स्वप्नीलपर्यंत ७२ वर्षं!

एकदाच मिळालेल्या त्या पदकाची किंमत काय होती, ते या आकड्यांवरून कळतं.

मग आपण काय घ्यायचं?

मुलांनो, यशाचा दिवस छोटाच असतो. दहावीचा निकाल एका दिवसाचा, स्पर्धेतला नंबर एका दिवसाचा, मिरवणूक एका संध्याकाळची. त्यामागची पहाटे उठण्याची वर्षं मोठी असतात आणि त्यानंतरचं जगणंही मोठं असतं. खाशाबा सहावे आले तेव्हा खचले नाहीत. डावललं गेलं असं वाटलं तेव्हा त्यांनी योग्य ठिकाणी दाद मागितली. जिंकल्यावर आधी ऋण फेडलं. गुडघा गेल्यावर रडत न बसता वर्दी चढवली आणि ती निष्कलंक ठेवली. म्हणून ते मोठे. पदक हा त्या मोठेपणाचा एक भाग आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठीही यात एक धडा आहे. आपल्याकडची मुलं डोंगर चढून शाळेत येतात. घोडेगावच्या पश्चिमेला, जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात पळण्यात आणि दमात कुणाला हार न जाणारी पोरं-पोरी आहेत. तालुक्याला नंबर आला की आपण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकतो, अभिनंदनाचे शंभर मेसेज येतात. जिल्ह्याला हरून आल्यावर मात्र त्या मुलाला कुणीच विचारत नाही. आमच्याकडूनही तेच झालं होतं. घर गहाण ठेवण्याची आपली ऐपत नसेल, कुणी तसं म्हणतही नाही. पण हरलेल्या मुलासाठी रोज सकाळी अर्धा तास लवकर येऊन मैदानावर उभं राहणं तर जमेल ना?

ही गोष्ट मी वर्गात तीन दिवस थोडी थोडी करून सांगितली. चौथ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी मी मैदानावर गेले. तो मुलगा कुंपणाजवळ दप्तर ठेवून उभा होता. मी काही विचारलं नाही. शिट्टी त्याच्या हातात दिली आणि बारक्या मुलांना पळवायला सांगितलं. दोन फेऱ्या त्यांना पळवून झाल्यावर तिसऱ्या फेरीत तो स्वतःच त्यांच्यात सामील झाला. जिल्ह्याला पुन्हा जाईल की नाही माहीत नाही. पण आता तो रोज येतो.

स्वाध्याय

१) खाशाबा जाधव यांचा जन्म कधी आणि कुठे झाला?
२) मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती यांतले तीन फरक लिहा.
३) १९४८ साली झाली तशी पैशाची सोय १९५२ साली का होऊ शकली नाही? कारण लिहा.
४) प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांसाठी काय केलं? खाशाबांनी त्यांचं ऋण कसं फेडलं?
५) १९५२ ते १९९६ आणि १९५२ ते २०२४ या दोन काळांत किती वर्षांचं अंतर आहे? वजाबाकी करून दाखवा.
६) उपक्रम : तुमच्या गावच्या हगाम्यात पूर्वी गाजलेल्या एखाद्या जुन्या पैलवानाची माहिती आजोबा-आजींना विचारा. कुस्ती सुटल्यावर त्यांनी पुढे काय केलं, तेही विचारून दहा ओळी लिहा.